तासांचा हिशेब : ओल्ड स्कूल रूनस्केपमधील कौशल्यवाढीचे नियोजन

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात पात्राची प्रगती कौशल्यांतून मोजली जाते. खेळाडू झाडे तोडतो, मासे पकडतो, धातू वितळवतो, मंत्र टाकतो, राक्षसांशी लढतो, आणि प्रत्येक यशस्वी कृतीबरोबर त्या कौशल्याच्या खाती अनुभवगुण जमा होतात. खेळाडूंच्या बोलण्यात त्यांना ‘एक्सपी’ म्हणतात. ठरावीक एक्सपी जमले की लेव्हल वाढते. प्रत्येक कौशल्याच्या लेव्हल १ ते ९९ अशा आहेत. इथे योद्धा, जादूगार, धनुर्धर असे कायमचे वर्ग नाहीत. एकाच पात्राला सगळी कौशल्ये शिकता येतात, आणि त्यामुळेच कोणते आधी शिकायचे हा प्रश्न उभा राहतो.

मूळ रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. पुढे त्यात होत गेलेले मोठे बदल अनेक जुन्या खेळाडूंना रुचले नाहीत. तेव्हा जॅगेक्स या कंपनीने ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत बाहेर काढली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ती स्वतंत्र खेळ म्हणून सुरू केली. हाच ओल्ड स्कूल रूनस्केप. यात बराच काळ २३ कौशल्ये होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सेलिंग’ म्हणजे नौकानयन आले आणि ती २४ झाली. त्यांपैकी १५ मोफत खेळणाऱ्यांनाही मिळतात, बाकीची वर्गणी भरणाऱ्या सदस्यांसाठी आहेत.

एका कौशल्यात ९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. सगळ्या कौशल्यांची बेरीज ३१ कोटींच्या वर जाते. एखादी पद्धत तासाला दहा-पंधरा हजार एक्सपी देते, तर दुसरी लाखांत देते, म्हणून निवडीवर शेकडो तास अवलंबून असतात. पण सर्वांत जलद पद्धतींची यादी करणे म्हणजे नियोजन नव्हे. एका कौशल्यातली जलद पद्धत संपूर्ण खात्याच्या दृष्टीने महाग पडू शकते, आणि संथ वाटणारी पद्धत वेळ वाचवू शकते. मोजायचा असतो तो खात्याचा एकूण वेळ, आणि शोधायचा असतो तो कामांचा योग्य क्रम.

लेव्हलची चढण

लेव्हल २ साठी फक्त ८३ एक्सपी पुरतात. लेव्हल १० ला १,१५४, ३० ला १३,३६३, ५० ला १,०१,३३३, ७० ला ७,३७,६२७ आणि ९० ला ५३,४६,३३२ एक्सपी लागतात. या चढणीमागचा नियम सोपा आहे: दर सात लेव्हलमागे पुढच्या लेव्हलची किंमत जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच लेव्हल ९२ ला, म्हणजे ६५,१७,२५३ एक्सपीवर, ९९ चा निम्मा रस्ता संपलेला असतो. ९८ वरून ९९ वर जायला १२,२८,८२५ एक्सपी लागतात. १ पासून ७५ पर्यंतच्या संपूर्ण प्रवासाला लागतात १२,१०,४२१. शेवटची एक लेव्हल पहिल्या चौऱ्याहत्तर पायऱ्यांपेक्षा महाग आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, सुरुवातीच्या लेव्हलवर फार डोके लढवण्याची गरज नाही. लेव्हल ३० पर्यंतचे एक्सपी ९९ च्या एक हजारांश भागाएवढेच असतात. समजा १ ते ४० हा टप्पा ताशी २०,००० एक्सपीने होतो. त्याचा वेग दुप्पट करणारी युक्ती सापडली, तरी वाचेल तो तासाभराहून कमी वेळ.

दुसरी, शेवटच्या टप्प्यात वेगातला लहानसा फरकही मोठा असतो. ९० ते ९९ हे अंतर ७६,८८,०९९ एक्सपीचे आहे. ताशी ६०,००० च्या वेगाने त्याला १२८ तास लागतात आणि ६६,००० च्या वेगाने साधारण ११६.५ तास, म्हणजे दहा टक्क्यांच्या फरकाने साडेअकरा तास वाचतात. पद्धतींचा बारकाईने अभ्यास करायचा तो इथे.

तिसरी गोष्ट नवख्या खेळाडूच्या सर्वांत उपयोगाची आहे. २४ च्या २४ कौशल्ये ७० पर्यंत नेण्याला १,७७,०३,०४८ एक्सपी लागतात, म्हणजे एकाच कौशल्याच्या ९९ च्या दीडपटीहूनही कमी. खेळातले बहुतेक उपयोगी मार्ग, साधने आणि ‘क्वेस्ट’ म्हणजे कथामोहिमा ४० ते ७० या पट्ट्यात खुल्या होतात. म्हणून एकच कौशल्य ९९ ला नेऊन बाकीची विशीत ठेवण्यापेक्षा सगळी कौशल्ये आधी मध्यम पातळीवर आणणे स्वस्त पडते. नंतरचा प्रत्येक तास त्यामुळे अधिक फळ देतो.

टिक : खेळाचे घड्याळ

ओल्ड स्कूल रूनस्केपचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा जगाची स्थिती पुढे सरकवतो. या ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. तासाला ६,००० टिक होतात आणि कोणतीही कृती पूर्ण टिकांतच घडते. त्यामुळे एखाद्या पद्धतीची कमाल मर्यादा कागदावर काढता येते. ‘हाय अल्केमी’ हा वस्तूचे नाण्यांत रूपांतर करणारा मंत्र मॅजिक लेव्हल ५५ ला मिळतो. एका प्रयोगाला ५ टिक लागतात आणि ६५ एक्सपी मिळतात. म्हणजे तासाला जास्तीत जास्त १,२०० प्रयोग आणि ७८,००० एक्सपी. कुणी या मंत्राने ताशी एक लाख मिळतात असे सांगितले, तर ते चूक आहे हे पद्धत न वापरताही कळते.

जिथे यश नशिबावर अवलंबून असते, तिथे टिक प्रयत्नांची संख्या ठरवतात. लाकूडतोडीत दर ४ टिकांनी एक प्रयत्न होतो, म्हणजे तासाला १,५०० प्रयत्न. त्यांतले किती फळतील हे लेव्हल, कुऱ्हाड आणि झाडाची जात यांवर ठरते. चांगली कुऱ्हाड प्रयत्न वाढवत नाही, प्रयत्न फळण्याची शक्यता वाढवते. अनुभवी खेळाडू मध्येच ३ टिकांची दुसरी कृती सुरू करून हे चक्र आखूड करतात. मग तासाला २,००० प्रयत्न होतात, पण प्रत्येक चक्रात अचूक वेळी क्लिक करत राहावे लागते.

प्रत्यक्ष वेग कमाल मर्यादेच्या खाली राहतो तो मुख्यतः येरझाऱ्यांमुळे. खेळाडूच्या पाठीवरच्या पिशवीत २८ जागा असतात. ती भरली की माल बँकेत न्यायचा किंवा जागीच टाकून द्यायचा. मायनिंगमध्ये लोहखनिजाचे तीन खडक हाताशी असलेली जागा हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. एका खनिजाला ३५ एक्सपी मिळतात, म्हणजे पिशवीभर खनिजाचे ९८०. समजा पिशवी भरायला ९० सेकंद, बँकेत जाऊन यायला ६० सेकंद आणि माल टाकून द्यायला १० सेकंद लागतात. बँकेत नेणाऱ्याच्या तासाला २४ खेपा होतात आणि २३,५२० एक्सपी. टाकून देणाऱ्याच्या ३६ फेऱ्या होतात आणि ३५,२८० एक्सपी.

माल टाकणे म्हणजे उधळपट्टी असे नवख्याला वाटते. पण तेवढेच ३५,२८० एक्सपी मिळवायला बँकेत नेणाऱ्याला दीड तास लागतो आणि त्याच्या हाती १,००८ खनिजे येतात. वाचलेल्या अर्ध्या तासात दुसऱ्या एखाद्या कामातून त्या १,००८ खनिजांच्या किमतीपेक्षा जास्त नाणी मिळत असतील, तर टाकून देणेच फायद्याचे. तेवढी कमाई होत नसेल, तर बँकेत नेणे बरे. उत्तर खडकाजवळ उभे राहून मिळत नाही, खेळाडूची बाकीची कमाई काय आहे हे पाहूनच मिळते.

नाण्यांची किंमत तासांत

खनिजाचा हा हिशेब प्रत्येक कौशल्याला लागू होतो. एका एक्सपीचा खरा वेळ म्हणजे पद्धतीत जाणारा वेळ अधिक तिचा खर्च कमावण्यात जाणारा वेळ. पद्धतीतून नफा होत असेल, तर तेवढ्या कमाईचा वेळ वजा करायचा. त्यासाठी प्रत्येक खेळाडूला एक आकडा माहीत असावा लागतो: आपण आपल्या सर्वोत्तम कामातून तासाला किती नाणी कमावतो?

प्रेयर या कौशल्याचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. प्रेयर लेव्हल ४३ ला जवळच्या लढाईतल्या वारांपासून संरक्षण देणारी प्रार्थना मिळते, आणि ७० ला ‘पायटी’ ही लढाऊ प्रार्थना. पायटीसाठी डिफेन्स ७० आणि ‘किंग्ज रॅन्सम’ ही क्वेस्टही लागते. ४३ ते ७० या टप्प्याला ६,८७,२८८ एक्सपी लागतात. ड्रॅगनचे हाड पुरले तर ७२ एक्सपी मिळतात, म्हणजे ९,५४६ हाडे. तेच हाड घरातल्या सोनेरी वेदीवर, दोन्ही धूपदाण्या पेटवून वाहिले, तर साडेतीनपट म्हणजे २५२ एक्सपी मिळतात आणि २,७२८ हाडे पुरतात. ‘वाइल्डरनेस’ या प्रदेशातील केऑस वेदीवरही साडेतीनपट एक्सपी मिळतात, शिवाय हाड शिल्लक राहण्याची निम्मी शक्यता असते. म्हणून सरासरीने तिथे १,३६४ हाडे लागतात. मात्र वाइल्डरनेसमध्ये दुसरे खेळाडू हल्ला करू शकतात आणि अंगावरचा माल गमवावा लागतो.

हाडे पुरण्याचा पर्याय सहज बाद होतो. उरलेल्या दोन वेद्यांत निवड करताना, समजा एका हाडाची किंमत २,५०० नाणी आहे. सोनेरी वेदीचा खर्च ६८,२०,००० नाणी होतो, केऑस वेदीचा ३४,१०,०००. तासाला दहा लाख नाणी कमावणाऱ्यासाठी हा फरक जवळपास साडेतीन तासांचा आहे. थोडा धोका आणि अधूनमधून गेलेली पिशवीभर हाडे धरूनही त्याला वाइल्डरनेसमध्ये जाणे परवडते. तासाला चाळीस लाख कमावणाऱ्यासाठी मात्र हाच फरक पन्नासेक मिनिटांचा आहे. हल्ले, परतीच्या खेपा आणि सतत सावध राहण्याचा ताण यांत तेवढा वेळ सहज जाऊ शकतो. खेळ तोच, वेदी त्याच, तरी दोघांची उत्तरे वेगळी आणि दोन्ही बरोबर.

कन्स्ट्रक्शन म्हणजे घरबांधणीतही हेच दिसते. महॉगनीच्या एका फळीमागे १४० एक्सपी मिळतात. सहा फळ्यांचे टेबल बांधायचे, मोडायचे आणि पुन्हा बांधायचे, ही जलद पण खर्चिक वाट. ‘महॉगनी होम्स’मध्ये गावोगावच्या घरांची दुरुस्ती करायची असते. तिथे प्रत्येक फळीमागे जास्त एक्सपी मिळतात, पण फिरण्यात वेळ जातो. श्रीमंत खात्याने टेबले बांधावीत आणि नव्या खात्याने दुरुस्तीची कामे घ्यावीत, हा सल्ला याच हिशेबातून येतो.

२०१४ मध्ये आलेल्या ‘आयर्नमॅन’ प्रकारात हिशेब आणखी बदलतो. तिथे खेळाडू दुसऱ्याशी व्यापार करू शकत नाही आणि ‘ग्रँड एक्स्चेंज’ या बाजारात खरेदीही करू शकत नाही. हाड हवे तर ड्रॅगन स्वतःच मारायचा. प्रत्येक वस्तूची किंमत म्हणजे ती गोळा करायला लागणारा स्वतःचा वेळ, आणि म्हणून कमी साहित्यात जास्त एक्सपी देणाऱ्या पद्धतींना तिथे फार मोल असते.

आधी काय, नंतर काय

पद्धत निवडल्यावर क्रमाचा प्रश्न येतो. क्रमाचा मूलमंत्र असा: जे मिळवल्याने पुढची अनेक कामे जलद होतात, ते आधी मिळवावे.

याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे क्वेस्टचे बक्षीस. ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ला कोणत्याही कौशल्याची अट नाही. ती पूर्ण केल्यावर अटॅक आणि स्ट्रेंग्थ या दोन्हींत प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळतात. लेव्हल ३० ला १३,३६३ लागतात, म्हणजे कोरे पात्र एका क्वेस्टमध्ये दोन्ही कौशल्यांत ३० वर पोहोचते. कोंबड्या आणि गोब्लिन मारत काढायचे तास वाचतात. ‘द नाइट्स स्वॉर्ड’ ही क्वेस्ट स्मिथिंगमध्ये १२,७२५ एक्सपी देते आणि १ वरून थेट २९ वर नेते. तिला मायनिंग १० पुरते. हेच एक्सपी ८० व्या लेव्हलनंतर घेतले तर काही मिनिटांचेच काम वाचते. बक्षीस तेच, पण कधी घेतले यावर त्याचे मोल ठरते.

दुसरे रूप म्हणजे एका कौशल्याने दुसऱ्याला दिलेला हात. स्मिथिंगमध्ये सोन्याच्या खनिजापासून लगड ओतली की २२.५ एक्सपी मिळतात. ‘फॅमिली क्रेस्ट’ या क्वेस्टमधून मिळणारे सोनाराचे हातमोजे घातले, तर त्याच लगडीला ५६.२ मिळतात. ४० ते ७० या टप्प्याला ७,००,४०३ एक्सपी लागतात. हातमोज्यांशिवाय ३१,१३० लगडी ओताव्या लागतील, हातमोज्यांसह १२,४६३. फरक १८,६६७ लगडींचा.

या क्वेस्टला मायनिंग, स्मिथिंग आणि क्राफ्टिंग ४० आणि मॅजिक ५९ लागते. खेळाडू मॅजिक ५५ वर असेल, तर ५९ पर्यंतचे अंतर ८१,२५० एक्सपीचे आहे. हाय अल्केमीचे १,२५० प्रयोग, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे तासाभराहून थोडे जास्त काम. हा एक तास आधी घातला, तर अठरा हजारांहून अधिक लगडींचा खर्च आणि वेळ टळतो. स्मिथिंग लवकर वाढवायचे म्हणून थेट भट्टीपाशी जाणारा खेळाडू मागे पडतो आणि आधी मंत्र शिकणारा पुढे जातो. भट्टीची जागाही विचारपूर्वक निवडायची असते. केल्डाग्रिम शहरातल्या ‘ब्लास्ट फर्नेस’मध्ये लगडी लवकर होतात, पण स्मिथिंग ६० च्या खाली मुकादमाला दर दहा मिनिटांना २,५०० नाणी द्यावी लागतात आणि यंत्र चालवणाऱ्या बुटक्यांच्या मजुरीसाठी तासाला ७२,००० नाणी तिजोरीत टाकावी लागतात. हा खर्चही मागच्या सूत्रात धरायचा.

तिसरे रूप सगळ्या खात्याला वेग देणाऱ्या साधनांचे. अजिलिटीच्या छपरांवरच्या वाटा धावताना मधूनमधून ‘मार्क ऑफ ग्रेस’ मिळतात. असे २६० जमले की सहा वस्तूंचा ‘ग्रेसफुल’ पोशाख पूर्ण होतो. त्याने अंगावरचे वजन कमी होते आणि धावण्याची शक्ती ३० टक्के अधिक वेगाने भरून येते. क्वेस्ट, शेतीच्या फेऱ्या, बँकेच्या खेपा या सगळ्यांत धावणे असतेच. म्हणून हा पोशाख जितका लवकर, तितका त्याचा उपयोग जास्त तासांवर पसरतो.

लढाईतही हाच विचार चालतो. केलेल्या प्रत्येक एकक इजेमागे निवडलेल्या कौशल्याला ४ एक्सपी मिळतात. म्हणजे मोठा वार करता आला की एक्सपीचा वेगही वाढतो. स्ट्रेंग्थ वाढली की कमाल वार वाढतो, म्हणून बहुतेक आराखड्यांत अटॅक शस्त्र पेलण्यापुरते वाढवून मग स्ट्रेंग्थकडे वळतात आणि डिफेन्स मागे ठेवतात.

एका वेळेत दोन कामे

काही कौशल्यांना स्वतंत्र वेळ द्यावाच लागत नाही, कारण ती दुसऱ्या कामाच्या सोबतीने वाढतात. अजिलिटीच्या वाटेवर एका अडथळ्याकडून दुसऱ्याकडे धावताना हाय अल्केमी करता येते. एका मंत्राचे एक्सपी थोडे, पण वाट धावण्यात जाणारे तास तसेही जाणारच असतात. त्यांत मॅजिक जवळजवळ फुकट वाढते.

स्लेअर हे कौशल्य याहून महत्त्वाचे. त्यात एक गुरू ठरावीक जातीचे राक्षस नेमून देतो. नेमलेला राक्षस मारला की साधारण त्याच्या प्राणगुणांइतके स्लेअर एक्सपी मिळतात. त्याच वेळी लढाईचे कौशल्य वाढते, हिटपॉइंट्स वाढतात आणि राक्षसाकडून माल मिळतो. स्लेअर गुण साठवून ‘स्लेअर हेल्मेट’ बनवण्याची विद्या घेतली, तर नेमलेल्या राक्षसांवर अचूकता आणि इजा दोन्ही एक षष्ठांशाने वाढतात. त्या विद्येला ४०० गुण आणि क्राफ्टिंग ५५ लागते.

म्हणूनच सगळी लढाऊ कौशल्ये आधी ९९ ला नेऊन मग स्लेअरकडे वळणे हा मोठा तोटा ठरतो. स्लेअरसाठी लागणारे राक्षस तेव्हाही मारावेच लागतात, आणि त्या वेळचे लढाईचे एक्सपी खेळाडूच्या गरजेचे उरलेले नसतात. त्याच वेळी उलट टोकाला जाऊन दुबळ्या पात्राने स्लेअर सुरू केले, तर प्रत्येक काम रेंगाळते. बहुतेक अनुभवी खेळाडू मधला मार्ग घेतात: लढाई साधारण ७० पर्यंत जलद पद्धतीने वाढवायची आणि त्यापुढची वाढ स्लेअरवर सोपवायची.

दिवसांवर चालणारी कौशल्ये

फार्मिंगचा हिशेब तासांत मांडता येत नाही. लावलेले रोप खेळाडू खेळात नसतानाही वाढत राहते. औषधी वनस्पती ८० मिनिटांत तयार होतात, ‘मॅजिक’ झाडाला ४८० मिनिटे लागतात आणि ‘पाम’सारख्या फळझाडाला ९६०, म्हणजे १६ तास. पाम लेव्हल ६८ ला लावता येतो आणि त्याची वाढ तपासल्यावर १०,१५०.१ एक्सपी मिळतात. मॅजिक झाड लेव्हल ७५ चे, त्याचे १३,७६८.३.

समजा लेव्हल ७५ चा खेळाडू रोज एकदाच पाच पाम आणि पाच मॅजिक झाडे तपासतो, तोडतो आणि नवी लावतो, आणि या फेरीला दहा मिनिटे लागतात. रोजचे एक्सपी होतात १,१९,५९२. ७५ ते ९९ या टप्प्याला १,१८,२४,०१० एक्सपी लागतात, म्हणजे सुमारे ९९ दिवस. पण प्रत्यक्ष खेळण्याचा वेळ होतो फक्त साडेसोळा तास. जवळजवळ संपूर्ण ९९ इतक्या कमी तासांत पदरात पाडणारी कौशल्ये मोजकीच आहेत. त्याची किंमत रोपांच्या खर्चात मोजावी लागते. शिवाय झाड मरू नये म्हणून माळ्याला मोबदला द्यावा लागतो: मॅजिक झाडाला २५ नारळ, पामला १५ पपया.

या कौशल्यात तास वाचवता येत नाहीत, पण दिवस गमावता येतात. फेरी चुकलेला दिवस परत मिळत नाही. म्हणून फार्मिंग कोणत्याही आराखड्यात पहिल्या आठवड्यापासून असावे, मग मुख्य लक्ष दुसरीकडे असले तरी चालेल. हंटर कौशल्यातल्या पक्षिघरांचेही तसेच. फॉसिल आयलंडवर चार पक्षिघरे बसवून बिया टाकल्या की साधारण ५० मिनिटांनी ती भरतात. दुसरे काही करत असताना तासातून एकदा जाऊन यावे आणि हंटरच्या सुरुवातीच्या कंटाळवाण्या लेव्हल मागे टाकाव्यात.

लक्ष आणि हात

खेळाडूचे सगळे तास सारखे नसतात. ३ टिकांच्या चक्रात क्लिक करत राहणे पूर्ण लक्ष मागते. लेव्हल ९० ला खुले होणारे रेडवुड झाड तोडताना मात्र बराच वेळ हात लावावा लागत नाही. पहिल्या प्रकारचा वेग कागदावर मोठा दिसतो, पण तो तासन्‌तास टिकवणे बहुतेकांना जमत नाही. लक्ष ढळले की चक्र चुकते आणि वेग संथ पद्धतीच्याही खाली जाऊ शकतो.

यावरचा उपाय म्हणजे आठवड्याच्या तासांची दोन गटांत विभागणी. समजा एखाद्याला रोज एक तास पूर्ण लक्षाचा मिळतो, आणि अभ्यास किंवा कार्यालयीन काम करता करता खेळ बाजूला उघडा ठेवता येईल असे तीन तास मिळतात. पहिल्या तासात ताशी एक लाखाची पद्धत, दुसऱ्या तीन तासांत ताशी ४०,००० ची. आठवड्याला एका बाजूने सात लाख आणि दुसऱ्या बाजूने ८,४०,००० एक्सपी होतात. या दोन पद्धतींत स्पर्धा नाहीच, त्या वेगवेगळ्या तासांसाठी आहेत. क्वेस्ट, अवघड शत्रू आणि जलद पद्धती लक्षाच्या तासांत ठेवाव्यात. मासेमारी, लाकूडतोड, संथ लढाई उरलेल्या तासांत.

आपोआप क्लिक करणारे प्रोग्राम वापरणे जॅगेक्सच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. पकडले गेल्यास खाते बंद होते आणि सगळ्या तासांचे श्रम एकदम जातात. हात आणि मनगटेही जपायला हवीत. हजारो सारख्या क्लिकनंतर मनगट दुखू लागले, तर ती पद्धत कितीही जलद असली तरी सोडून द्यावी. ठरावीक वेळाने उठणे, हात सैल करणे आणि क्लिकभारी व संथ पद्धती आलटून पालटून वापरणे हा आराखड्याचाच भाग आहे.

आराखडा मांडताना

आराखडा शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा. ‘सगळे वाढवायचे’ या ध्येयावरून उद्या काय करायचे ते कळत नाही. ‘बॅरोज ग्लव्हज’ हे ध्येय मात्र चांगले मार्गदर्शक ठरते. हे हातमोजे लढाईच्या तिन्ही शैलींत उपयोगी पडतात आणि ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ ही लांबलचक क्वेस्ट संपवल्यावर विकत घेता येतात. त्यासाठी कुकिंग ७०, मॅजिक ५९, फिशिंग आणि थीव्हिंग ५३, मायनिंग आणि फायरमेकिंग ५०, अजिलिटी ४८, स्मिथिंग आणि क्राफ्टिंग ४० अशा अटी आहेत, आणि १७५ क्वेस्ट गुणही हवेत.

ही यादी समोर ठेवली की काम आपोआप लहान तुकड्यांत पडते. मॅजिक ५९ हातमोज्यांसाठीही हवे आणि फॅमिली क्रेस्टसाठीही, म्हणून ते वर येते. अजिलिटी ४८ कडे जाताना ग्रेसफुल पोशाखाची सुरुवात होते. क्वेस्ट गुण मिळवताना वाटेत अनेक कौशल्यांचे एक्सपी मिळतात, म्हणून कोणतेही कौशल्य हाताने वाढवण्याआधी त्यातल्या क्वेस्टच्या बक्षिसांची बेरीज करावी आणि उरलेले अंतरच मोजावे. कुकिंग ७० ही या यादीतली सर्वांत उंच पायरी. द्राक्षे आणि पाण्याची सुरई एकत्र करून वाइन बनवली की लेव्हल ३५ पासून प्रत्येक यशस्वी सुरईला २०० एक्सपी मिळतात. ३५ ते ७० साठी अशा ३,५७७ सुरया लागतात आणि सुरुवातीला बिघडणाऱ्या वेगळ्या. एवढी द्राक्षे विकत घेणे हे नाण्यांचे काम आहे, तासांचे नाही.

प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: उरलेले एक्सपी, निवडलेली पद्धत, अपेक्षित तास आणि खर्च. अपेक्षित तास मार्गदर्शक लेखांतल्या आकड्यांवरून काढू नयेत. तिथले आकडे बहुधा निष्णात खेळाडूंचे असतात. ‘रूनलाइट’ या मुक्त स्रोत प्रोग्राममध्ये ताशी एक्सपी दाखवणारी सोय आहे. नव्या पद्धतीच्या पहिल्या अर्ध्या तासात तिथे दिसणारा स्वतःचा वेग खरा धरावा. ‘वाइज ओल्ड मॅन’सारखी संकेतस्थळे खात्याची प्रगती ‘कार्यक्षम तासां’त मांडतात, म्हणजे जमलेले एक्सपी मिळवायला सर्वांत जलद पद्धतीने किती तास लागले असते ते सांगतात. त्या आकड्याची तुलना प्रत्यक्ष खेळलेल्या तासांशी केली की गळती कुठे आहे ते दिसते.

आराखडा एकदाच करून भागत नाही. बाजारातले भाव हलतात, जॅगेक्स खेळाडूंचे मतदान घेऊन नव्या पद्धती आणते, आणि खेळाडूची ताशी कमाईही वाढत जाते. पण रोज फेरविचार केला तर तोच वेळ खातो. एखादी क्वेस्ट पूर्ण झाली, नवे साधन मिळाले किंवा कमाईचा नवा मार्ग खुला झाला, की उरलेल्या तुकड्यांची आकडेमोड पुन्हा करावी. नव्या साधनाने वाचणारे तास ते मिळवायला लागणाऱ्या तासांपेक्षा कमी भरू लागले, की तयारीचा टप्पा संपला असे समजावे. तिथून पुढे क्रमाचा प्रश्न उरत नाही. निवडलेली पद्धत नेटाने चालवायची आणि उरलेले एक्सपी पूर्ण करायचे, एवढेच काम राहते.